वादळ खरे कोणते?

अँडी वियर यांची ‘द मार्शियन’ ही कादंबरी आणि तिच्यावरून रिडली स्कॉट यांनी २०१५ साली काढलेला चित्रपट, दोन्ही विज्ञानाशी प्रामाणिक म्हणून वाखाणली गेली. बव्हंशी ते आम्हांलाही पटते. अडते ते सुरुवातीलाच. कादंबरीत ताशी १७५ किलोमीटर वेगाचे वादळ येते, यान कलंडण्याची भीती निर्माण होते आणि नायक मंगळावर एकटा मागे राहतो.

हा आकडा वर्गात तपासून पाहण्याजोगा आहे. वाऱ्याचा रेटा हवेच्या घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. मंगळावरच्या हवेची घनता आपल्या हवेच्या सुमारे १/६० आहे. ६० चे वर्गमूळ पावणेआठच्या आसपास. त्याने १७५ ला भागले की साधारण २२ येतात. म्हणजे तो वारा आपल्याकडच्या ताशी २२ किलोमीटरच्या वाऱ्याइतकाच रेटा देईल. त्याने झेंडा फडफडेल, यान कलंडणार नाही. ही सूट आपण घेतली, हे वियर यांनीच मान्य केले आहे. तेव्हा आमची तक्रार तेवढ्यावर नाही.

तक्रार आहे ती खरे वादळ पडद्यावर न आल्याची. १९७१ साली मरिनर-९ मंगळाच्या कक्षेत पोचले तेव्हा अवघा ग्रह धुळीने झाकला होता. २००६ पासून मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरवरील ‘मार्स क्लायमेट साउंडर’ने ग्रहाच्या कडेकडे पाहून वातावरणाचे अवरक्त प्रारण मोजले. कार्बन डायॉक्साइडच्या १५ मायक्रोमीटरजवळच्या प्रारणावरून तापमान, इतर पट्ट्यांवरून धूळ आणि बर्फकणांचे ढग, असा सुमारे ८० किलोमीटर उंचीपर्यंतचा थरवार हिशेब त्यातून लागतो. धूळ सूर्यप्रकाश शोषून वरची हवा तापवते आणि जमिनीवरचा उजेड हिरावते. २०१८ च्या वादळात सौरऊर्जेवर चालणारी ऑपर्च्युनिटी ही गाडी उजेडाविनाच गप्प झाली. तिला उलटवायला वारा लागला नाही.

कादंबरीच्या उत्तरार्धात नेमके असेच वादळ आहे. नायकाला ते डोळ्यांनी कळत नाही. सौरपट्ट्यांची वीज घटते, त्यावरून तो ते ओळखतो. आमच्या मते पुस्तकातला हा सर्वांत सकस वैज्ञानिक प्रसंग. चित्रपटाने तोच गाळला. गर्जणारे वादळ ठेवले, मोजून ओळखावे लागणारे टाकले.

विद्यार्थ्यांना चित्रपट जरूर दाखवावा. मात्र नंतर वरचा भागाकार त्यांच्याकडून करून घ्यावा आणि गाळलेला प्रसंग वाचून दाखवावा.