स्वच्छ हातांचे वाङ्मय

अमेरिकेचा अध्यक्ष गारफील्ड याला १८८१ च्या जुलैत वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात गोळी लागली. ती आता पडद्यावर पुन्हा झाडली गेली आहे. ‘डेथ बाय लाइटनिंग’ ही त्यावरची मालिका मी एका बैठकीत पाहिली. अभिनय उत्तम, दाढ्या त्याहून उत्तम. त्याआधी ‘द गिल्डेड एज’ या मालिकेने न्यूयॉर्कच्या हवेल्या आणि बायकांच्या टोप्या दाखवून डोळे दिपवलेच होते. त्याबद्दल तक्रार नाही. पण या काळाची गोष्ट सांगणारा जो तो शेवटी एकाच घाटावर येऊन उतरतो. सरकार बरबटले होते, मग सज्जनांनी ते धुतले. वशिलेबाजीचा बडा पुढारी सेनेटर कॉंकलिंग याच्या तालमीत वाढलेल्या आणि गारफील्डनंतर अध्यक्ष झालेल्या आर्थरने १८८३ च्या जानेवारीत पेंडल्टन कायद्यावर सही केली, वशिल्याच्या जागी परीक्षा आली, पडदा पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांना संरक्षण देणारा १८७५ चा नागरी हक्कांचा कायदा मोडीत काढला. या गोष्टीत त्याला जागा नसते.

दोष आजच्या पटकथाकारांना देऊन भागणार नाही. हा साचा त्यांना त्या काळच्या राजकीय कादंबरीनेच हाती दिला. ट्वेन आणि वॉर्नर यांच्या ‘द गिल्डेड एज’ या ज्या पुस्तकाने त्या युगाला नाव दिले, त्यातला सेनेटर डिलवर्दी मजेदार आहे. पण सगळेच चोर म्हणून हसून मोकळे झाले की मग कोणावरच चोरीचा आळ उरत नाही. हेन्री अ‍ॅडम्सची ‘डेमॉक्रसी’ १८८० साली निनावी आली आणि वॉशिंग्टनमध्ये लेखक कोण याचे तर्क लढवण्यात लोक रमले. तिची नायिका मॅडलीन ली सत्तेचे यंत्र कसे चालते ते पाहायला राजधानीत येते, सेनेटर रॅटक्लिफने लाच घेतल्याचे कळते, आणि ती पदर झटकून निघते. कुठे जावेसे वाटते? इजिप्तला! भाषा धारदार, निरीक्षण अचूक, आणि साऱ्याचा अर्क एवढाच की सभ्य माणसाने या चिखलात पाऊल टाकू नये. नाक मुरडण्यालाच राजकीय विचार समजणाऱ्या वर्गाचे हे आवडते पुस्तक. हेन्री जेम्सची ‘द बॉस्टनियन्स’ वाक्यांच्या नक्षीसाठी वाचावी, सुधारणा समजून घेण्यासाठी वाचू नये. बेलमीचे ‘लुकिंग बॅकवर्ड’ म्हणजे पोटभर जेवलेल्या माणसाचे दुपारचे स्वप्न.

या गर्दीत हॉवेल्स वेगळा उभा राहतो. शिकागोच्या हेमार्केट चौकात १८८६ साली बॉम्ब फुटला, पोलीस मेले आणि आठ अराज्यवाद्यांवर खटला चालला. बॉम्ब त्यांच्यापैकी कोणी टाकला हे सिद्ध झाले नव्हते. तरी आठही जण दोषी ठरले, सात जणांना फाशी सुनावली गेली. हॉवेल्स तेव्हा अमेरिकन साहित्यातला सर्वांत वजनदार माणूस. त्याने ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये पत्र लिहून दयेची मागणी केली. आपल्या बाजूने बोलावे म्हणून ज्यांना गळ घातली त्यांत जॉर्ज विल्यम कर्टिस होता. ‘हार्पर्स वीकली’चा संपादक, नोकरशाही सुधारणेच्या चळवळीचा अध्वर्यू, स्वच्छ माणसांमधला सर्वांत स्वच्छ. तो गप्प राहिला. ११ नोव्हेंबर १८८७ ला चौघे फासावर गेले. सरकारी कारकून परीक्षेने निवडावा म्हणून ज्याने आयुष्य वेचले, त्याला पुराव्यावाचून दिलेल्या फाशीविरुद्ध एक ओळ लिहावीशी वाटली नाही. त्या युगाची सुधारणा समजायला मला यापेक्षा मोठा ग्रंथ लागत नाही.

हॉवेल्सला मात्र त्या फाशीने झोपू दिले नाही. ‘अ हॅझर्ड ऑफ न्यू फॉर्च्युन्स’ (१८९०) ही त्याची मोठी कादंबरी त्यातूनच आली. यादवी युद्धात हात गमावलेला म्हातारा जर्मन समाजवादी लिंडाऊ ट्रामच्या संपात पोलिसाच्या दंडुक्याखाली येतो, आणि त्याच्यासाठी मध्ये पडलेला कोट्यधीशाचा मुलगा कॉनरॅड गोळीने मरतो. बेसिल मार्च हा मध्यमवर्गीय संपादक सारे पाहतो, हळहळतो, आणि घरभाडे कसे भागेल याचा हिशेबही करतो. हॉवेल्सने त्याला नायक केले नाही, खलनायकही केले नाही. वाचकाला आरशासमोर बसवले आणि उठू दिले नाही. अ‍ॅडम्सची मॅडलीन निघून जाऊ शकते. मार्चला जायला जागाच नाही. राजकीय कादंबरी इथे वयात येते.

मग कृष्णवर्णीय कादंबरीकार चार्ल्स चेस्नट. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन शहरात १० नोव्हेंबर १८९८ ला सशस्त्र गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र जाळले, माणसे मारली आणि कायदेशीर नगरशासन उलथून टाकले. वॉशिंग्टनने बोटही उचलले नाही. तीन वर्षांनी चेस्नटने त्यावर ‘द मॅरो ऑफ ट्रॅडिशन’ लिहिली. दंगलीला चिथावणी देणारा संपादक कार्टरेट सभ्य आहे, कुटुंबवत्सल आहे, आणि आपण शहर स्वच्छ करतो आहोत यावर त्याचा पुरा विश्वास आहे. शेवटी त्याचे बाळ श्वासासाठी तडफडते तेव्हा वाचवू शकणारा एकच डॉक्टर उरतो, तो कृष्णवर्णीय मिलर. त्याचा स्वतःचा मुलगा त्याच दिवशी दंगलीत मेलेला. मिलर कार्टरेटच्या घरचा जिना चढतो तिथे कादंबरी थांबते. क्षमा नाही, सूडही नाही, जिना आहे.

आणि इथे माझाच लाडका हॉवेल्स डगमगला. चेस्नटच्या कथांना त्याने आधी मनापासून दाद दिली होती; या कादंबरीचे परीक्षण करताना मात्र ती फार कडू आहे अशी त्याने कुरकुर केली. कडू! हेमार्केटनंतर ज्याने पदरमोड करून सत्य सांगितले, त्यालाही हा घोट गिळवला नाही. कारण इथे पुस्तकात दिसणारा हात सभ्य वाचकाचा होता.

माझे म्हणणे एवढेच, की त्या काळची अभिरुची आणि त्या काळची सुधारणा एकाच साबणाने धुतलेली होती. सरसकट मताधिकार फसला असा लेख इतिहासकार पार्कमनने १८७८ सालीच लिहिला होता. मिसिसिपीने १८९० मध्ये मतदार-कर आणि वाचनाची अट घालून कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून हाकलले, तेव्हा कारण सांगितले ते निवडणुकीतली घाण काढण्याचे. स्वच्छतेच्या नावाखाली माणसे झाडून बाहेर काढली गेली. टाळ्या वाजवणाऱ्यांत ‘डेमॉक्रसी’चे वाचक नव्हते असे मी मानणार नाही.

आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. ट्वेनचे पुस्तकही त्याच वर्षीचे. आणि त्याच वर्षी ईस्टरच्या रविवारी लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. जोतीरावांनी ज्यांना नमस्कार केला ती माणसे खरी होती, पण त्यांचे वारस दशकाभरात वशिलेबाजीच्या चर्चेत गढून गेले. आनंदीबाई जोश्यांच्या पदवीदानासाठी १८८६ साली तिकडे गेलेल्या पंडिता रमाबाईंनी अमेरिकेचे भरभरून कौतुक केले, तरी तिथल्या वर्णद्वेषाकडे डोळेझाक केली नाही. आपली दृष्टी त्या वेळी कर्टिसपेक्षा नक्कीच स्वच्छ होती.

तेव्हा यापुढे कोणी गारफील्डची गोळी, आर्थरचे मनःपरिवर्तन आणि पेंडल्टनचा कायदा एका दोऱ्यात ओवून समोर ठेवला, तर विचारा: विल्मिंग्टन कुठे आहे? ‘द मॅरो ऑफ ट्रॅडिशन’ फारशी खपली नाही. १९०५ मध्ये आलेल्या ‘द कर्नल्स ड्रीम’नंतर चेस्नटच्या हयातीत त्याची एकही नवी कादंबरी छापली गेली नाही. क्लीव्हलंडमध्ये तो लघुलेखनाचा व्यवसाय करीत राहिला आणि १९३२ साली वारला.