नाव रेंजफाइंडरचं, खिडकी कोपऱ्यातली

आजचा विषय वरवर बाजारातला वाटेल: छोटा मिररलेस कॅमेरा घ्यायचा तर कुठला? पण आम्ही इथे खरेदीची यादी द्यायला उभे नाही. आम्हाला बोलायचं आहे एका शब्दाबद्दल, 'रेंजफाइंडर-शैली'. गेली दहा-पंधरा वर्षं हा शब्द लावून कॅमेरे विकले जातात. लाखाच्या घरातली रक्कम मोजताना आपण नक्की कशाचे पैसे देतो, ते या शब्दाआड झाकलं जातं. म्हणून आज तो शब्द जरा उलगडून बघू.

रेंजफाइंडर म्हणजे काय, तर अंतर मोजायचं यंत्र. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला दोन खिडक्या, मध्ये काही सेंटिमीटरचं अंतर. दोन्हींतून येणाऱ्या प्रतिमा डोळ्यापाशी एकावर एक पडतात. लेन्सचं कडं फिरवलं की त्यातली एक सरकते. दोन्ही जुळल्या की फोकस झाला. गंमत अशी, की १९२५ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या लायकामध्ये हे यंत्र नव्हतंच. अंतर अंदाजाने धरायचं, नाहीतर वेगळं यंत्र वर बसवायचं. लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर लायकात आला १९३२ साली. आणि १९५४ च्या एम३ मध्ये फोकसची खिडकी आणि चौकट बघायची खिडकी एक झाली.

या खिडकीचा खरा गुण लक्षात घ्या. ती लेन्समधून बघत नाही. ती साधी काच आहे आणि तिच्यात उजळ रेघांची चौकट दिसते. चौकटीबाहेरचं जगही दिसत राहतं. रस्त्यावर कोणी चौकटीत शिरणार असेल, तर तो शिरण्याआधीच आपल्याला कळतं. तोटेही आहेत. अगदी जवळच्या वस्तूला चौकट चुकते, आणि लांब पल्ल्याची लेन्स लावली तर चौकट टिकलीएवढी होते.

आता आजच्या बाजारात या. 'रेंजफाइंडर-शैली' म्हणून जे मिळतं त्यात रेंजफाइंडर कुठे आहे? लायकाची एम मालिका सोडली तर जवळपास कुठेच नाही. आणि त्या लायकानेही २०२५ मध्ये एम ईव्ही१ काढला, ज्यात रेंजफाइंडर काढून इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर बसवला आहे. ज्या घराण्याने हे नाव मोठं केलं, त्यानेच नाव ठेवून यंत्र काढलं!

मग या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र बसवल्या जातात. एक, फुजीफिल्मची एक्स१०० आणि एक्स-प्रो मालिका. यांत अंतर मोजणारं यंत्र नाही, पण खरी काचेची खिडकी आहे. पुढची एक कळ दाबली की काचेतून बघा, पुन्हा दाबली की इलेक्ट्रॉनिक चित्र बघा. इथे चौकटीबाहेरचं जग शिल्लक आहे. दुसरी, फुजीफिल्मची एक्स-ई मालिका, सोनीची ए६००० मालिका, ए७सी. यांत कोपऱ्यात एक छोटा पडदा आहे. त्यावर लेन्सला दिसतं तेवढंच दिसतं, चौकटीबाहेरचं काही नाही. मधोमध उंचवटा असलेल्या कॅमेऱ्यातही हेच दिसतं. मग शैली कशाची? खिडकीच्या जागेची.

हा दावा तपासायला एक सुरेख जोडी आयतीच मिळते. फुजीफिल्मचा २०२४ चा एक्स-टी५० आणि २०२५ चा एक्स-ई५. दोन्हींत तोच ४० मेगापिक्सेलचा सेन्सर, तोच प्रोसेसर, लेन्सही त्याच लागतात. बॅटरी-कार्डासकट दोन्हींचं वजन साडेचारशे ग्रॅमच्या आत. एकात उंचवटा मधोमध, दुसऱ्यात वरची कड सपाट आणि खिडकी डाव्या कोपऱ्यात. दोघांनी एकाच जागेवरून, एकाच लेन्सने फोटो काढला तर कुठला कशाने काढला हे सांगून दाखवा. आम्हाला सांगता येणार नाही.

म्हणजे फरक नाहीच का? आहे, पण तो फोटोत नाही, फोटो काढणाऱ्याच्या चेहऱ्यावर आहे. कोपऱ्यातल्या खिडकीला उजवा डोळा लावला की नाक कॅमेऱ्याच्या डावीकडे मोकळं राहतं. डावा डोळा उघडा ठेवता येतो, आणि समोरच्याला आपला अर्धा चेहरा दिसतो. अनोळखी माणसाचा फोटो काढताना ही लहान गोष्ट नाही. आपण त्याच्याकडे बघतोय, हसतोय, परवानगी मागतोय, हे त्याला दिसतं. या शैलीच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा आमच्या मते हाच.

पण तो उजव्या डोळ्यापुरताच! डावा डोळा लावणाऱ्याचं नाक पाठच्या स्क्रीनवर टेकतं आणि चेहरा झाकला जातो. त्याच्यासाठी कोपरा काय नि मध्य काय, सारखंच. कुठला डोळा आपला, हे इथे बसल्या बसल्या बघा. दोन्ही तळहातांची छोटी त्रिकोणी फट करा, त्यातून समोरचा दिवा बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला दिवा फटीतच राहतो, तो तुमचा. फुकटची ही चाचणी जाहिरातीत सापडत नाही. आणि चेहराच दिसायला हवा असेल, तर खिडकी नसलेला रिको जीआर याहून बरा. तो खिशातही मावतो.

आता दुसरा आवडता दावा. 'असा कॅमेरा माणसाला संथ करतो, विचार करायला लावतो.' इतिहास नेमका उलटा आहे. लायका गाजला तो वेगासाठी. तिपाई आणि मोठ्या प्लेटा यांच्यापुढे तो खिशातला चपळ कॅमेरा होता. आंरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ चा प्रसिद्ध फोटो आठवा, पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणारा माणूस. तो कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून काढला आणि नंतर कड कापावी लागली. त्यात संथपणा कुठे आहे? फुजीफिल्मने २०१९ च्या एक्स-प्रो३ मध्ये मागची स्क्रीन आत दुमडून लपवली, म्हणजे आपण सारखं बघत बसू नये. कल्पना छान, पण संयम बिजागरीतून येत नाही. बघायचं नसेल तर साधी स्क्रीन बंदही करता येते.

सपाट कडेची किंमतही असते. सोनीच्या ए७सी चं वजन ५०९ ग्रॅम, ए७ मार्क ३ चं ६५०. हाताला फरक कळतो. पण खिडकीतलं चित्र ०.७८ पटीवरून ०.५९ पटीवर आलं. म्हणजे ज्यातून बघायचं तेच लहान झालं. त्यावर सातशे ग्रॅमची झूम लावली, तर वाचवलेलं वजन कुठे गेलं?

मग निवड कशी करायची? काम बघून. आळंदीहून पालखी निघते, गर्दीत हातभर अंतरावर माणसं आहेत, उजवा डोळा आहे, एकच छोटी लेन्स पुरते, तर एक्स१०० सारखी काचेची खिडकी खरोखर मदत करते. फक्त आषाढातला पाऊस लक्षात ठेवा: एक्स१००व्ही आणि सहावा यांचं पाण्यापासूनचं संरक्षण पुढे कडं आणि फिल्टर लावल्याशिवाय पूर्ण होत नाही. भिगवणला पक्षी टिपायचे असतील, मुलीचा कबड्डीचा सामना असेल, तर लांब लेन्स लागते, तिला भक्कम पकड लागते, आणि मधोमध मोठी खिडकी असलेला कॅमेराच बरा. तिथे कोपऱ्याचा हट्ट धरणं म्हणजे नऊवारी नेसून पोहायला जाणं.

आणि ज्याला नुसतं रूप आवडतं, त्याने रूपासाठी घ्यावा. त्यात लाज नाही. आवडलेला कॅमेरा कपाटात न राहता खांद्याला लागतो, हाही गुणच. आमचं भांडण रूपाशी नाही. रूपाला बघण्याची रीत म्हणून विकण्याशी आहे. तेव्हा दुकानात गेलात की नाव विचारू नका. कॅमेरा डोळ्याला लावा, दुसरा डोळा उघडा ठेवा, आणि समोर उभ्या विक्रेत्याला विचारा, "माझा चेहरा दिसतोय का?" तो 'नाही' म्हणाला, तर शैलीचे जादा पैसे कशाचे, हेही त्यालाच विचारा.