टॅटू पाप आहे का? एका वचनाचा संदर्भ तपासताना

मूळ स्रोत आणि दुय्यम स्रोत यांतला फरक सिनॉप्सिस लिहिताना सगळ्यांना पाठ असतो, पण वापरायची वेळ आली की गडबड होते. आज त्याचाच सराव. विषय माझ्या क्षेत्राबाहेरचा आहे, मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. पण उदाहरण सोडवत नाही.

आमच्या होस्टेलवर एक ज्युनियर आहे, ख्रिस्ती घरातली. वडील गेल्यावर तिने मनगटावर छोटासा क्रूस आणि त्यांच्या जाण्याची तारीख गोंदवून घेतली. सुट्टीत घरी गेली तेव्हा काकांनी एक पुस्तिका हातात ठेवली: टॅटू आणि अंग टोचून घेणं ख्रिस्ती माणसाला निषिद्ध. मैत्रिणीने उलट बाजूचा लेख पाठवला: काहीच हरकत नाही. दोन्ही घेऊन ती माझ्याकडे आली. "ताई, तू सारखी रेफरन्स तपासा म्हणतेस ना? मग हे तपासून दे."

धर्मनिर्णय देणारी मी कोणी नाही. पण दिलेला पुरावा केलेल्या दाव्याला पुरतो का, एवढं तर पाहता येतं.

पुस्तिका काय म्हणते

सगळा भार लेवीय १९:२८ या एका वचनावर आहे. मृतासाठी अंगावर वार करू नका आणि अंगावर खुणा करू नका, असा त्याचा आशय. इथे तीन अडचणी आहेत.

पहिली, निवड. याच अध्यायातलं २७वं वचन केस-दाढीच्या कडा कापू नका म्हणतं, १९वं दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड नको म्हणतं. पुस्तिका त्यांवर गप्प. बरं, 'तो अध्यायच आता लागू नाही' असंही सरळ म्हणता येत नाही, कारण शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञाही तिथलीच, १८वं वचन. काय ठेवायचं आणि काय सोडायचं याचा निकष आधी सांगायला हवा. तो पुस्तिकेत कुठेही नाही.

दुसरी, शब्द. 'खुणा' या जागी मूळ हिब्रूत जो शब्द आहे तो 'कअका'. संपूर्ण हिब्रू बायबलमध्ये तो एकदाच येतो. म्हणजे तुलना करायला दुसरं वाक्यच नाही! अर्थ लावायला आजूबाजूचा संदर्भ आणि नंतरची ज्यू परंपरा यांचा आधार घ्यावा लागतो. मिश्नामध्ये चर्चा आहे की त्वचेवर कोरणं आणि शाई भरणं, दोन्ही केलं तरच दोष लागतो. म्हणजे 'गोंदण' हा अर्थ निराधार नाही. पण पुस्तिका हा शब्द आजच्या टॅटूलाच नेमका लागू होतो, असं गृहीत धरते. इंग्रजीत 'टॅटू' हा शब्दच १८व्या शतकात, कॅप्टन कुकच्या ताहितीच्या सफरीनंतर आला. १६११च्या किंग जेम्स भाषांतरात तो असणं शक्यच नव्हतं. आपल्यालाही 'गोंदण' म्हटलं की आजीच्या हातावरची तुळस आठवते. लेवीय लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती नक्कीच नव्हती.

तिसरी, दोन व्हेरिएबल एकत्र करणं. शीर्षकात टोचणं आहे, पण त्या वचनात टोचण्याचा उल्लेखच नाही. उलट उत्पत्ती २४ मध्ये अब्राहामाचा सेवक रिबकेच्या नाकात नथ घालतो आणि देवाचे आभार मानतो. यहेज्केल १६ मध्ये तर रूपकात देवच यरुशलेमेला नथ आणि कर्णभूषणं घालतो. हे मूळ स्रोतातलंच, आणि पुस्तिकेत गाळलेलं.

'शरीर हे मंदिर' हे वाक्यही आहेच. ते करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ६व्या अध्यायातलं, आणि तिथे चर्चा व्यभिचाराची आहे. ते तत्त्व टॅटूपर्यंत नेता येईलही, पण मग तो तुमचा युक्तिवाद झाला, पौलाचं विधान नव्हे.

उलट बाजू तरी बरी का?

मला वाटलं होतं, हा लेख जास्त चांगला असेल. तसं निघालं नाही.

त्याचा मुख्य मुद्दा: ही बंदी फक्त मृतांसाठीच्या शोकविधींपुरती आहे. पण वचनात दोन भाग आहेत, आणि 'मृतासाठी' हे शब्द पहिल्या भागात, वारांसोबत येतात. दुसऱ्या भागालाही ते लागू आहेत असं धरणं हा एक अन्वयार्थ झाला. आणि धरलंच, तर आमच्या ज्युनियरचं काय? तिचा टॅटू वडिलांसाठीच आहे. ही अडचण माझ्या आधी तिलाच दिसली होती.

पुढे इसवी सन ७८७ च्या नॉर्थंब्रियातल्या धर्मसभेने टॅटूला मान्यता दिली, असं लेख म्हणतो. मुळात तिथे मूर्तिपूजकांच्या अंग रंगवण्याच्या प्रथेवर टीका आहे. देवासाठी कोणी हे सोसलं तर मोठं फळ मिळेल, हे ओघात आलेलं जर-तर. त्यालाच मान्यता ठरवलं गेलं.

ह्युनरगार्ड आणि लिबोविट्झ यांचा २०१३चा शोधनिबंधही उल्लेखला आहे. ते म्हणतात, ही बंदी गुलामांवर मालकीची खूण करण्याच्या प्रथेशी जोडलेली असावी. मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण लेखात तो 'सिद्ध झालं आहे' म्हणून येतो. गृहीतक आणि निष्कर्ष यांतला फरक कुठे गेला?

इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांची मनगटावर क्रूस गोंदवण्याची जुनी प्रथा आहे. जेरुसलेममध्ये रझूक कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंना गोंदण करतं. 'खरा ख्रिस्ती असं करतच नाही' हा दावा यातून पडतो. पण लोक करतात म्हणून शास्त्राला ते मान्य आहे, हे यातून निघत नाही.

मग तिला काय सांगितलं?

तिला हो किंवा नाही हवं होतं. मी म्हटलं, टोचण्यावरची बंदी दिलेल्या पुराव्यातून सिद्ध होत नाही. टॅटूबद्दल वचन आहे, पण लेवीयातले नियम ख्रिस्ती माणसाला कितपत बांधतात, ही पायरी दोघांनीही गाळली. आणि तो वाद तर प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५ इतका जुना आहे. तिथेही प्रश्न शरीरावरच्या खुणेचाच होता, सुंतेचा.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काकांना एवढंच विचारते, २७वं वचन का नाही पाळत." काकांची दाढी गुळगुळीत असते म्हणे.

मी तिला म्हटलं, विचार, पण त्याच दमात मैत्रिणीलाही ७८७ चं विचार. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूलाही हेच लागू आहे. जो रेफरन्स आपल्या बाजूचा वाटतो, त्याचं मूळ पान आधी उघडा.