युद्धकथेतला गैरहजर मुलगा

युद्धावरचे आपले साहित्य सीमेवर रमते. मागे राहिलेला मोहल्ला आणि त्यातला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा त्याला क्वचितच दिसतो. इतिहास वेगळे सांगतो. १९६२ च्या चीन युद्धानंतर महाविद्यालयीन तरुणांना एन.सी.सी. सक्तीची झाली. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत या छात्रांनी नागरी संरक्षणाला हातभार लावला. मदतकार्य केले, रहदारी सांभाळली, छत्रीधारी शत्रूसैनिक पकडण्यासाठी गस्त घातली. ही पोरे कथा-कादंबरीत कुठे आहेत?

रोहिंटन मिस्त्री यांच्या 'सच अ लाँग जर्नी' (१९९१) या कादंबरीत ब्लॅकआउट आहे. १९६२ साली खिडक्यांना चिकटवलेला काळा कागद गुस्ताद नोबल १९७१ पर्यंत काढतच नाही. युद्ध संपते, भीती घरातच मुक्काम करते, हे मिस्त्रींनी अचूक पकडले आहे. पण त्यांचा काळोख बापाचा आहे. मुलगा सोहराब त्याच्याशी भांडतो ते शिक्षणावरून.

इस्मत चुगताई यांच्या कथेवरचा एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा' (१९७३) आपल्याला अधिक जवळचा. फाळणीनंतर आग्र्यातले सलीम मिर्झा कराचीतल्या भावाला घराचा नकाशा पाठवतात आणि हेरगिरीच्या संशयात सापडतात. निर्दोष सुटतात, पण संशय सुटत नाही.

दुसऱ्या टोकाला वीर अब्दुल हमीद. १९६५ साली खेमकरणच्या रणांगणावर शत्रूचे रणगाडे फोडून शहीद झालेले, मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी. त्यांच्याविषयी आमच्या मुलांना अभिमान वाटतो, वाटलाच पाहिजे. परंतु शहीद आणि संशयित या दोनच भूमिका मुस्लिम मुलाच्या वाट्याला याव्यात काय? शिट्टी वाजवून शेजाऱ्याचा दिवा विझवायला सांगणारा, जखमीला पट्टी बांधणारा साधा स्वयंसेवक त्याने कुठे वाचायचा? पहारा कोण देतो आणि पहारा कुणावर असतो, हा प्रश्न केवळ साहित्याचा नाही. निष्ठा सिद्ध करण्यासाठी प्राणच द्यावे लागतात, असे मुलाच्या मनावर बिंबले तर तो दोष आपल्या लेखणीचाही आहे.

कोल्हापूरजवळ वळीवडे येथे दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांच्या मुलांची स्काउट पथके तिथे होती. ती मुले मोठी झाली आणि त्यांच्या पिढीने भारतातल्या त्या दिवसांचा ग्रंथ सिद्ध केला. परक्या मातीतले बालपण त्यांनी लिहून ठेवले. आपण आपल्याच मातीतले लिहिले नाही.

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. भोंगे वाजले, एन.सी.सी.ची मुले पुन्हा कामाला लागली. त्यात अस्लमही असेल, अमोलही. मुस्लिम मराठी लेखकाने त्यांची कथा लिहावी. अस्लमला शहीद करू नये, त्याची सफाईही देऊ नये. त्याच्या हातात टॉर्च द्यावा आणि त्याला गल्लीतून चालू द्यावे.