दालनाची किल्ली कोणाकडे?

घर कुटुंबाचे असते, सभागृह वस्तीचे. औद्योगिक वस्तीत तर हा भेद विशेष महत्त्वाचा. कारण एका खोलीच्या संसारात राहणाऱ्या कामगाराला चारचौघांत ताठ मानेने उभे राहावयास दुसरी जागा नसते. विक्रोळीच्या सार्वजनिक वास्तूंकडे आम्ही याच दृष्टीने पाहू इच्छितो.

विक्रोळीची जडणघडण मुख्यत्वे दोन हातांनी झाली. पिरोजशा गोदरेज यांनी १९४३ साली येथील विस्तीर्ण जमीन घेतली. पुढे कारखाने, कामगारवसाहत आणि १९५५ साली उदयाचल शाळा उभी राहिली. दुसरीकडे गृहनिर्माण मंडळाने टागोरनगर व कन्नमवारनगर वसविले. एकीकडे उद्योजकाचे औदार्य, दुसरीकडे शासनाचे कर्तव्य. दोन्ही आदरणीय, परंतु औदार्य आटू शकते आणि कर्तव्याचा विसर पडू शकतो. तिसरा आधार असतो हक्काचा. १९५३ च्या कायद्याने कामगार, मालक व शासन या तिघांच्या वर्गणीतून कामगार कल्याण निधी निर्माण झाला. त्यातून चालणाऱ्या केंद्रांतील वाचनालय, शिवणवर्ग व नाट्यस्पर्धा यांत कामगाराचे स्वतःचे पैसे होते. म्हणून तेथे तो पाहुणा नव्हता.

ही संस्कृती खालावली, ती केवळ भिंती जुन्या झाल्या म्हणून नव्हे. पाळी संपताच शेकडो माणसे एकाच वेळी मोकळी होत. तोच सभागृहाचा प्रेक्षक होता. १९८२ च्या गिरणी संपानंतर कायम नोकरी दुर्मीळ होत गेली. लाल बहादुर शास्त्री मार्गावरील कित्येक कारखान्यांच्या जागी कार्यालये व मनोरे आले. कंत्राटी कामगाराला सामाईक संध्याकाळच उरली नाही.

परळच्या दामोदर नाट्यगृहाचे उदाहरण बोलके आहे. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगची ही १९२२ सालची वास्तू. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांनी दशावतार, नमन व शक्तीतुरा यांनी ती आपलीशी केली. २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी तिचा पडदा पडला, तेव्हा कलावंतांनी आवाज उठविला. ‘नवे बांधून देऊ’ या आश्वासनाने त्यांचे समाधान का झाले नाही, याचे उत्तर ब्रुसेल्स शहरात मिळते. व्हिक्टर ओर्ता या वास्तुकाराने कामगार पक्षासाठी बांधलेले ‘लोकगृह’ १८९९ मध्ये खुले झाले आणि १९६५ मध्ये पाडले गेले. पुन्हा उभारण्याच्या हेतूने त्याचे भाग जपून ठेवले होते. ते विखुरले, लोकगृह पुन्हा उभे राहिले नाही.

आज कन्नमवारनगरातील जुन्या इमारती एकामागून एक पाडल्या जात आहेत. रहिवाशांना मोठी घरे मिळावीत, याविषयी आमचे दुमत नाही; गळक्या छपराचे कौतुक दुरून करणे सोपे असते. आमचा आक्षेप मोजमापाला आहे. प्रत्येक संस्था आपापल्या चौरस फुटांचा हिशेब करते. प्रत्येक मनोऱ्यात सभासदांपुरते दालनही होते; पण शेजारच्या गल्लीतील भजनी मंडळाला, रात्रशाळेच्या विद्यार्थ्याला किंवा संघटनेच्या सभेला तेथे प्रवेश नसतो. अशी दहा दालने मिळूनही एक सार्वजनिक वास्तू होत नाही.

म्हणून कोणत्याही नव्या आराखड्याचा गुणदोष ठरविताना रहिवाशांनी, आणि त्यांत आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांनीही, एक प्रश्न जरूर विचारावा: येथे घर नसलेल्या माणसाला या दालनाची किल्ली कोणाकडे व कोणत्या हक्काने मागता येईल? उत्तर करारपत्रात लिहिलेले असावे. इमारत पडल्यावर ते लिहून घेणे कठीण.