सिगालोवाद सुत्त

पाली तिपिटकातील दीघनिकायाचे ३१ वे सुत्त. गृहस्थाने दैनंदिन जीवनात कसे वागावे, हाच याचा विषय असल्याने बुद्धघोषाने (इ. स. ५ वे शतक) सुमंगलविलासिनी या अट्ठकथेत त्यास ‘गिहिविनय’ म्हणजे गृहस्थांचा विनय म्हटले आहे. त्याची एकाहून अधिक जुनी चिनी रूपांतरेही उपलब्ध आहेत.

राजगृहातील सिगाल हा गृहपतिपुत्र मृत पित्याच्या आज्ञेनुसार रोज पहाटे ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करीत असे. बुद्धाने या आचाराची निंदा केली नाही. दिशांचा अर्थ तेवढा बदलला. पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण आचार्य, पश्चिम पत्नी व मुले, उत्तर मित्र, खालची दिशा दास व कामकरी आणि वरची श्रमण-ब्राह्मण. प्रत्येक दिशेस नमस्कार करावयाचा तो त्या त्या माणसांविषयीचे कर्तव्य पार पाडून. रूढीचे बाह्य रूप कायम ठेवून आशय पालटण्याची ही पद्धती इतर सुत्तांतही आढळते. पण येथे ती विशेष साधली आहे.

पूर्वार्धात हिंसा, चोरी, व्यभिचार व असत्य ही चार कर्मे आणि संपत्तिनाशाची मद्यपान, जुगार, आळस इ. सहा द्वारे सांगितली आहेत. हा भाग याद्यांचा असून वाचताना कंटाळवाणा वाटतो. मौखिक परंपरेत पाठांतरासाठी मात्र तो सोयीचा होता. मित्रांची लक्षणे सांगताना हीच शैली जिवंत होते : केवळ घेणारा, बोलघेवडा, खुशामती आणि व्यसनांतला सोबती हे मित्राच्या वेषातील शत्रू होत. मिळकतीचा एक भाग उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी व चौथा आपत्काळासाठी ठेवावा, हा सल्ला उघडच व्यापारी गृहपतीला उद्देशून आहे. हातावर पोट असणाऱ्यास तो लागू पडणे कठीण.

सुत्ताचे खरे मोल कर्तव्यांच्या परस्परतेत आहे. पतीने पत्नीचा मान राखावा, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातील अधिकार तिच्या हाती द्यावा. धन्याने कामकऱ्यास शक्तीनुसार काम, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात त्याची शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळोवेळी सुटी द्यावी. वेतन व विश्रांती यांना दयेत न ढकलता कर्तव्यात बसविणारे इतके जुने वचन विरळाच. तथापि दासाने धन्याआधी उठावे व त्याच्यामागून झोपावे, अशीही अपेक्षा आहे. दास्य येथे गृहीत धरलेले असून कर्तव्य चुकविणाऱ्या धन्याविरुद्ध त्याला कोणताही उपाय सांगितलेला नाही. निर्वाणाचा उल्लेख नाही म्हणून काही वाचकांना हे सुत्त गौण वाटते; परंतु सामान्य संसारी माणसाला उद्देशून केलेल्या उपदेशास ही कसोटी लावणे गैर होय.

महाराष्ट्राच्या भूमीवर या विचाराचा आढळ जुना आहे. अशोकाच्या नवव्या शिलालेखात आजारपण, विवाह, प्रवास इ. प्रसंगी होणाऱ्या मंगलविधींहून दास व सेवकांशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर यांचा समावेश असलेले ‘धम्ममंगल’ श्रेष्ठ ठरविले आहे. या लेखाचा एक तुकडा सोपाऱ्याजवळ भुईगाव येथे १९५६ मध्ये मिळाला. राजाज्ञेतील हा सूर आणि सिगालास केलेला उपदेश यांत जे साम्य दिसते, त्यावरून एकाने दुसऱ्यापासून घेतले असे सिद्ध होत नाही.

मराठी वाचकांना पाली सुत्तांचा परिचय करून देण्याचे मोठे श्रेय धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांना आहे. बाबासाहेब आंबेडकरांच्या द बुद्ध अँड हिज धम्म (१९५७) या ग्रंथाच्या पाचव्या खंडात ‘गृहस्थांचा विनय’ म्हणून सिगालाची कथा येते आणि मुले, शिष्य, पतिपत्नी, धनी व सेवक यांविषयीचे नियम स्वतंत्र शीर्षकांखाली मांडलेले आहेत. या विभागणीने प्रत्येकास आपला वाटा चटकन सापडतो. सहा दिशांचे एकसंध वर्तुळ मात्र काहीसे विरते. वर्षावासाच्या काळात विदर्भातील अनेक गावांच्या विहारांत या ग्रंथाचे मराठीतून सामुदायिक वाचन होते, आणि सिगाल तेथील श्रोत्यांना भेटतो तो बहुधा याच रूपात.