‘जुनून’ : पुनर्भेटीची मैफल

कव्वालीची पार्टी सहसा मोडत नाही. उस्ताद गेले की मुलगा किंवा पुतण्या पुढे बसतो आणि कलाम चालू राहतो. रॉक बँडचे तसे नसते. तो ठरावीक दोन-चार माणसांच्या दोस्तीवर उभा असतो. दोस्ती विरली की बँड संपला. म्हणूनच १९९० साली सुरू झालेला आणि २००५ मध्ये विखुरलेला पाकिस्तानचा ‘जुनून’ २५ डिसेंबर २०१८ रोजी कराचीत पुन्हा एकत्र आला, याचे अप्रूप मोठे. सलमान अहमदची गिटार, अली अझमतचा खडा आवाज आणि ब्रायन ओकॉनेलचा बेस, हे तिघे पुन्हा एका मंचावर!

१९९७ च्या ‘आझादी’ या अल्बममधले ‘सय्योनी’ केबलवरून आपल्याही घरांत पोहोचले होते. त्यामुळे त्या रात्रीचे चित्रण पाहताना माझेही डोळे भरून आले. पण समीक्षकाने स्वतःच्या आसवांवरही थोडा संशय घ्यावा. आपण दाद गाण्याला देतो, की सरलेल्या तारुण्याला?

‘जुनून’च्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही, कारण हा बँड निव्वळ करमणुकीचा नव्हता. सत्ताधाऱ्यांच्या भ्रष्टाचारावर बोट ठेवणाऱ्या ‘एहतेसाब’च्या चित्रफितीवर १९९६ मध्ये पाकिस्तानात बंदी आली. १९९८ साली अणुचाचण्यांच्या विरोधात बोलल्याबद्दल तिथल्या सरकारी माध्यमांची दारे पुन्हा बंद झाली. ज्या गाण्यांची अशी किंमत मोजावी लागली, ती केवळ जुनी आठवण म्हणून ऐकली जाऊ लागली की त्यांची धार बोथट होते. आठवणीला गोडवा असतो. ती कुणाला जाब विचारत नाही.

मग उरते काय? उरतो १९९९ च्या ‘परवाझ’मधला बुल्लेशाह आणि ‘खुदी’मधला इक्बाल. गायकांचे केस पिकले, श्रोतेही प्रौढ झाले. पण माणसाला स्वतःची ओळख विचारणारे ते शब्द म्हातारे झालेले नाहीत. तिथे गायक निमित्तमात्र ठरतो आणि रॉक बँड कव्वालांच्या रांगेत जाऊन बसतो. ‘जुनून’चे मोठेपण मला इथे दिसते.

तिघे पुन्हा भेटले, याचा आनंद आहेच. पण उद्या एखाद्या विशीतल्या पोराने हेच कलाम स्वतःच्या चालीत, स्वतःच्या काळाला जाब विचारत गायले, तर मला अधिक आनंद होईल.